सिएना : सावकारांचे नगर, देवमातेचे नगर

आपल्या घरांतील शाळकरी मुलांच्या रंगपेटीत ‘बर्न्ट सिएना’ नावाची एक तांबूस-तपकिरी वडी असते. भाजलेल्या विटेचा किंवा नांगरलेल्या तांबड्या शेताचा रंग द्यायचा झाला की मुले ती उचलतात. तो रंग इटलीतील एका डोंगरमाथ्यावरच्या नगराच्या मातीवरून ओळखला जातो, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. इटलीच्या तीर्थयात्रेला जाणारे आपल्या धर्मग्रामांतील भाविकसुद्धा रोम, असिसी, पादुआ आणि लोरेतो ही नावे तोंडपाठ म्हणतात. सिएना त्यांच्या वाटेवर असूनही बहुधा बसच्या खिडकीतूनच मागे पडते. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, तोस्काना प्रांतात, तीन टेकड्यांच्या पाठीवर ते वसले आहे. आम्हांला तेथे दोन दिवस राहण्याचा योग आला आणि या नगराचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे तेव्हापासूनच मनात होते.

मनात राहण्याचे कारण केवळ तेथील प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. हे नगर पैशावर उभे राहिले. एके काळी युरोपातील मोठमोठे सावकार येथे राहत होते. आणि याच नगराने ख्रिस्तसभेला एक रंगाऱ्याची मुलगी दिली, जिच्या शब्दांपुढे पोपनेही माघार घेतली नाही, तर पाऊल पुढे टाकले. एकाच गल्लीत धनाची पेढी आणि संतांची खोली कशी नांदली, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटला.

टेकडी, वाट आणि पाणी

नगराच्या उत्पत्तीची एक दंतकथा आहे. रोम स्थापन करणाऱ्या रोम्युलसने आपल्या भावाला, रेमसला, ठार मारले. तेव्हा रेमसची मुले सेनिओ आणि आस्किओ पळून आली व त्यांनी सिएना वसविले, असे ती कथा सांगते. म्हणूनच दोन बाळांना दूध पाजणाऱ्या लांडगीची शिल्पे रोमप्रमाणे येथेही जागोजाग खांबांवर दिसतात. इतिहास इतका रंगतदार नाही. सम्राट ऑगस्टसच्या काळात येथे ‘सेना जूलिया’ नावाची रोमन वसाहत होती. नगराला ख्रिस्ताची ओळख संत अन्सानो याने करून दिली आणि चौथ्या शतकाच्या आरंभी, छळाच्या दिवसांत, त्याने रक्त सांडले, अशी परंपरा आहे. तो या नगराचा आद्य आश्रयदाता संत होय.

पण रोमन काळात सिएना हे आडवाटेचे गाव होते. त्याचे भाग्य उजळले ते मध्ययुगातील एका रस्त्यामुळे. इंग्लंडमधील कँटरबरीहून फ्रान्स व आल्प्स पर्वत ओलांडून रोमला जाणारी यात्रेकरूंची वाट ‘व्हिया फ्रान्चिजेना’ या नावाने ओळखली जाते. इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचे महागुरू सिजेरिक रोमहून याच वाटेने परतले. त्यांनी ज्या मुक्कामांची नावे नोंदवून ठेवली त्यांत सिएना आहे. यात्रेकरू आले म्हणजे त्यांना निवारा हवा, खाणे हवे, जोडे हवेत आणि परक्या मुलखातील नाणी बदलून देणारा माणूसही हवा. सिएनाच्या व्यापाराचे बीज या शेवटच्या गरजेत आहे.

डोंगरावरील या नगराला एक मोठी उणीव होती. त्याला नदी नाही. माणसे, जनावरे, लोकरीचे कापड धुणारे आणि रंगविणारे, कातडी कमावणारे अशा सर्वांना पाणी हवे, आणि टेकडीवर पाणी नाही. सिएनाकरांनी शतकानुशतके जमिनीखाली बोगदे खणले. ‘बोत्तीनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बोगद्यांची लांबी सुमारे २५ किलोमीटर आहे. आसपासच्या टेकड्यांत झिरपणारे पाणी त्यांतून हळूहळू वाहत नगरातील कारंज्यांपर्यंत येते. सन १२४६ मध्ये नव्याने बांधलेले ‘फोन्तेब्रांदा’ हे पाणवठ्याचे विटांचे भव्य बांधकाम आजही उभे आहे. पाणवठ्यावरचे पाणी आधी पिण्यासाठी, ओसंडलेले जनावरांसाठी, त्याही पुढचे धुण्यासाठी व धंद्यासाठी, असा क्रम असे. जमिनीखाली दियाना नावाची गुप्त नदी आहे अशी या लोकांची समजूत होती. तिच्या शोधात त्यांनी केलेल्या खर्चाची थट्टा महाकवी दान्ते याने केली आहे. आपल्याकडे ज्यांनी विहिरीला पाणी लागेपर्यंत खोदण्याची चिंता वाहिली आहे, त्यांना मात्र हसू येणार नाही.

पेढी आणि विवेक

तेराव्या शतकात सिएनाचे व्यापारी फ्रान्समधील शांपान्य येथील मोठ्या जत्रांत लोकरीचे कापड, मसाले आणि हुंड्या यांचे व्यवहार करीत. पोपच्या खजिन्यासाठी युरोपभर गोळा होणारा पैसा रोमला पोहोचविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. त्यांत बोन्सिन्योरी घराण्याची पेढी सर्वांत मोठी. ‘ग्रान ताव्होला’, म्हणजे ‘थोरले मेज’, हे तिचे नाव. नाणी ज्या मेजावर मोजली जात त्यावरून पेढीला नाव पडले. मसाल्यांचीही या नगराला मोठी हौस होती. येथे नाताळात खाल्ला जाणारा ‘पानफोर्ते’ नावाचा सुक्या मेव्याचा घट्ट गोड पदार्थ मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ यांनी भरलेला असतो. मध्ययुगात युरोपला पोहोचणारी मिरी प्रामुख्याने आपल्या मलबार किनाऱ्याची. त्या मिठाईचा तिखटपणा जिभेला लागला तेव्हा आम्हांला क्षणभर घरी आल्यासारखे वाटले.

परंतु या व्यापाराला एक काटा होता. व्याज घेणे ख्रिस्तसभेला मान्य नव्हते. उसन्या पैशावर पैसा मागणे म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीचा भाव करणे, अशी तिची शिकवण होती. विशेष असे की, या बाबतीतील एक अत्यंत कडक निर्णय सिएनाच्याच सुपुत्राने दिला. रोलान्दो बान्दिनेल्ली हा सिएनाचा. तो ११५९ साली तिसरा अलेक्झांडर या नावाने पोप झाला. त्याने ११७९ साली भरविलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला की, उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्याला पवित्र कम्युनियन देऊ नये आणि तो पश्चात्तापाविना मेल्यास त्याला ख्रिस्ती दफनही देऊ नये.

या नियमाच्या छायेत सिएनाचे सावकार जगले. त्यांनी पळवाटा काढल्या, हे खरे. नाण्यांच्या अदलाबदलीत, हुंडीच्या मुदतीत, भेटीच्या नावाखाली व्याज लपविले जाई. पण मृत्युपत्र लिहिताना अनेकांचा हात थरथरे. अन्यायाने मिळविलेले धन परत करावे, कोणाला करावे हे ठाऊक नसल्यास गरिबांना द्यावे, अशा अटी त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या मृत्युपत्रांत आढळतात. त्या धनाचा मोठा ओघ कॅथेड्रलच्या समोरील ‘सांता मारिया देल्ला स्काला’ या इस्पितळाकडे वळला. त्याचा लेखी उल्लेख सन १०९० पासून सापडतो. यात्रेकरूंना निवारा, आजाऱ्यांची शुश्रूषा, टाकून दिलेल्या बालकांचे संगोपन आणि अन्नछत्र ही त्याची कामे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे रुग्णांवर उपचार होत असत. आता ते संग्रहालय आहे. त्याच्या ‘यात्रेकरूंच्या दालनात’ पंधराव्या शतकातील भिंतचित्रे आहेत. त्यांत एका जखमीचे पाय धुतले जात आहेत, दाई तान्ह्या मुलांना घेऊन बसल्या आहेत, इस्पितळात वाढलेल्या मुलीचे लग्न लावून दिले जात आहे. आम्हांला त्या दालनात बराच वेळ बसून राहावेसे वाटले. बाहेर व्यापाराचे नगर होते. आत त्याने आपला हिशेब चुकता करण्याचा प्रयत्न केला होता.

हिशेबाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. नगराच्या खजिन्याचे कार्यालय ‘बिक्केर्ना’ या नावाने ओळखले जाई. त्याच्या प्रमुखपदी पुष्कळदा सान गाल्गानो येथील सिस्टर्शियन मठातील मठवासी नेमीत. ज्याला बायको-मुले नाहीत, ज्याने दारिद्र्याचे व्रत घेतले आहे, त्याच्या हाती तिजोरी सुरक्षित राहील असा त्यामागील विचार. सन १२५८ पासून हिशेबाच्या वह्यांना लाकडी चित्रित पुठ्ठे घालण्याची प्रथा पडली, आणि पहिल्याच पुठ्ठ्यावर वही उघडून बसलेला असा एक मठवासी आहे. ही चित्रे नगराच्या दप्तरखान्यात आजही पाहावयास मिळतात. जमाखर्चाच्या वहीवर चित्रकाराने कुंचला चालवावा, असे दुसरे नगर आमच्या ऐकिवात नाही.

नगराच्या किल्ल्या

सिएना आणि फ्लॉरेन्स यांचे हाडवैर. फ्लॉरेन्स पोपच्या पक्षाचे, सिएना सम्राटाच्या पक्षाचे. पण वैराचे खरे मूळ व्यापारी वाटा आणि पेढ्या यांत होते. सन १२६० च्या सप्टेंबरात फ्लॉरेन्सचे प्रचंड सैन्य सिएनाच्या वेशीपाशी आले. ३ सप्टेंबर रोजी नगराचा प्रमुख बोनाग्विदा लुकारी अनवाणी, उघड्या डोक्याने, प्रायश्चित्त घेणाऱ्याच्या वेषात कॅथेड्रलमध्ये गेला. त्याच्या मागे सारे नगर होते. त्याने वेदीसमोर लोटांगण घातले आणि नगराच्या किल्ल्या धन्य कुमारी मरियेच्या चरणी ठेवल्या, असे पुढील काळातील बखरी सांगतात. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर रोजी, मोंतापेर्ती येथे सिएनाने अनपेक्षित विजय मिळविला. तेव्हापासून सिएनाच्या नाण्यांवर व मोहरांवर ‘कुमारीचे नगर’ ही ओळख झळकू लागली.

या प्रसंगाचा अभिमान सिएनाकर आजही बाळगतात. आम्ही मात्र तो थोड्या अवघडल्या मनाने वाचला. नदीपलीकडे मेलेले फ्लॉरेन्सचे शिपाईही तिचीच लेकरे होती. तेही तिचाच धावा करीत पडले असतील. शिवाय पोपच्या विरोधी पक्षात उभे राहिल्यामुळे सिएनावर धर्मबहिष्काराची कारवाई झाली. बहिष्कृतांचे कर्ज फेडण्याचे बंधन नाही असे म्हणून ऋणको हात वर करू लागले आणि पेढ्यांचे कंबरडे मोडू लागले. विजयाला नऊ वर्षे होतात न होतात तोच, १२६९ साली, कोल्ले येथे सिएनाचा पराभव झाला व नगराने पक्ष बदलला. ‘ग्रान ताव्होला’ ही थोरली पेढीही १२९८ साली डबघाईस आली आणि पुढे नामशेष झाली.

चौक आणि भिंतीवरचे चित्र

पेढ्या बुडाल्या तरी नगर बुडाले नाही. १२८७ ते १३५५ या काळात ‘नऊजणांच्या’ मंडळाने सिएनाचा कारभार पाहिला. हे बहुतेक मध्यम वर्गातील व्यापारी होते. आज आपण जे सिएना पाहतो ते बरेचसे त्यांनी बांधलेले. तीन टेकड्या जेथे मिळतात त्या उतारावर त्यांनी ‘पियात्सा देल काम्पो’ हा चौक उभारला. तो शिंपल्याच्या आकाराचा आहे. त्याच्या विटांच्या फरसबंदीचे, नऊजणांच्या स्मरणार्थ, नऊ भाग पाडले आहेत. ते काम १३४९ मध्ये पुरे झाले. उताराच्या तळाशी नगरसभागृह आहे आणि त्याच्या शेजारी सुमारे ८८ मीटर उंचीचा ‘मान्जा’ मनोरा. हे नाव पहिल्या घंटा वाजविणाऱ्याच्या टोपणनावावरून पडले; त्याचा अर्थ होतो कमाई खाणारा. गडी उधळ्या असावा! मनोऱ्याच्या पायथ्याशी महामारी सरल्यावर कृतज्ञतेने बांधलेले उघडे प्रार्थनामंदिर आहे. तेथे मिस्सा होई तेव्हा चौकातील दुकानदार आपल्या दुकानातूनच तिच्यात सहभागी होत.

नगरसभागृहाच्या आत, जेथे ते नऊजण बसत त्या दालनाच्या भिंतींवर आम्ब्रोजिओ लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये चांगल्या व वाईट राज्यकारभाराची चित्रे रंगविली. चर्चमध्ये नव्हे, तर कचेरीत काढलेली ही चित्रे म्हणजे आमच्या मते सिएनाचा खरा खजिना. एका भिंतीवर न्यायदेवता तराजू धरून बसली आहे. तराजूच्या दोन पारड्यांपासून निघालेल्या दोऱ्या खाली एकोप्याच्या हाती येतात. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल सारखे करण्यासाठी. तिच्याकडून ती दोरी चोवीस नागरिकांच्या हातांतून जाते. शेजारच्या भिंतीवर अशा राज्यातील नगर दिसते. कोणी जोडे शिवतो आहे, कोणी वर्गात शिकवितो आहे, गवंडी भिंत चढवीत आहेत, स्त्रिया फेर धरून नाचत आहेत, वेशीतून लादलेली खेचरे आत येत आहेत आणि वेशीबाहेर शेतकरी मळणी करीत आहेत. समोरच्या भिंतीवर जुलमी राजा शिंगे उगारून बसला आहे. त्याच्या डोक्यावर तीन आकृती तरंगतात : लोभ, गर्व आणि पोकळ मोठेपणा. त्याच्या पायाशी न्याय बांधून टाकलेला आहे. त्या राज्यातील शेते जळालेली आहेत आणि रस्ते ओस. काळाने हीच भिंत अधिक खरवडली आहे.

व्यापाऱ्यांनी आपल्याच बैठकीच्या भिंतीवर लोभाचे चित्र काढवून घेतले आणि रोज त्याखाली बसून कर ठरविले. आपल्या पंचायतींच्या, पतपेढ्यांच्या आणि धर्मग्राम समित्यांच्या बैठकीत असे एखादे चित्र टांगावे काय, असा विचार आमच्या मनात आला.

अपुरे राहिलेले मंदिर

कॅथेड्रल नगराच्या सर्वोच्च भागी आहे. पांढऱ्या व काळपट संगमरवराच्या आडव्या पट्ट्यांनी ते आतूनबाहेरून मढविले आहे. काळा-पांढरा हे सिएनाचे रंग. निकोला पिसानो या शिल्पकाराने १२६५ ते १२६८ या काळात घडविलेले व्यासपीठ, ५६ चित्रपट्टांची संगमरवरी जमीन आणि सिएना प्रांतात जन्मलेल्या दुसऱ्या पायस या पोपच्या स्मरणार्थ उभारलेले पिकोलोमिनी ग्रंथालय ही तेथील प्रमुख आकर्षणे. जमिनीवरील नक्षी झिजू नये म्हणून ती वर्षातील बहुतेक काळ झाकून ठेवतात.

या मंदिरासाठी दुच्चो या चित्रकाराने १३०८ ते १३११ या काळात देवमातेचे भव्य चित्र तयार केले. ९ जून १३११ रोजी ते त्याच्या कार्यशाळेतून मिरवणुकीने कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. त्या दिवशी दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या आणि महागुरूंपासून मुलांपर्यंत सारे हाती मेणबत्त्या घेऊन चालत होते. मरियेच्या आसनाखाली चित्रकाराने सिएनाला शांती आणि स्वतःला जीवन मागितले आहे. लोकांनी ते चित्र विकत घेतले नव्हते. त्यांनी त्याचे घरी स्वागत केले.

सन १३३९ मध्ये सिएनाने ठरविले की, हे कॅथेड्रल आता लहान पडते. युरोपातील सर्वांत मोठ्या मंदिरांत गणना होईल असे बांधायचे. योजना अशी होती की, असलेले कॅथेड्रल नव्या मंदिराचा केवळ आडवा भाग व्हावे. भिंती चढल्या, खांब उभे राहिले, दर्शनी भिंत आकाशाला भिडली. आणि १३४८ साल उजाडले.

त्या वर्षीच्या काळ्या महामारीत सिएनाची निम्म्याहून अधिक माणसे मेली असे मानतात. आन्योलो दी तुरा या सिएनाच्या इतिवृत्तकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. प्रेतावर रडायला माणूस उरला नव्हता, कारण प्रत्येकजण आपल्या मरणाची वाट पाहत होता, अशा आशयाची त्याची नोंद आहे. चित्रकार लोरेन्झेत्ती बंधूही त्यातच गेले असावेत. मंदिराचे काम थांबले. १३५७ मध्ये ते कायमचे सोडून देण्यात आले. ती उंच दर्शनी भिंत आजही एकटी उभी आहे. तिच्या मोठ्या खिडकीतून मंदिराचा गाभारा नव्हे, तर मोकळे आकाश दिसते. दुच्चोचे चित्र आज त्या अपुऱ्या मंदिराच्या जागेत उभ्या राहिलेल्या संग्रहालयात आहे.

रंगाऱ्याची मुलगी

महामारीच्या आदल्या वर्षी, २५ मार्च १३४७ रोजी, फोन्तेब्रांदाच्या उतारावर याकोपो बेनिन्कासा या रंगाऱ्याच्या घरी कॅथरिन जन्मली. घर मोठ्या खटल्याचे. वीसहून अधिक भावंडे. खालच्या मजल्यावर कापड रंगविण्याची भट्टी, वर माणसे. मुलीने लग्नाला नकार दिला, केस कापले आणि डॉमिनिकन परिवारातील ‘मान्तेल्लाते’ भगिनींचा काळा झगा अंगावर घेऊन घरातीलच एका लहानशा खोलीत प्रार्थनेला वाहून घेतले. पण ती तेथे कायम दार लावून बसली नाही. सांता मारिया देल्ला स्कालाच्या खाटांवरील ज्या रुग्णांना दुसरे कोणी हात लावीत नसे त्यांची सेवा तिने केली. पेरुज्याच्या एका तरुणाला देहदंडाची शिक्षा झाली तेव्हा ती त्याच्याबरोबर वधस्तंभापर्यंत गेली आणि त्याचे मस्तक तिने आपल्या हातांत झेलले.

तिला शालेय शिक्षण नव्हते. तिने पत्रे सांगितली आणि इतरांनी ती लिहून घेतली. अशी सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. ती राजांना, राणीला, भाडोत्री सैन्याच्या सरदाराला, कैद्यांना आणि पोपना आहेत. पोप तेव्हा फ्रान्समध्ये आविन्यों येथे राहत. १३७६ साली ती तेथे स्वतः गेली आणि अकराव्या ग्रेगरींना तिने रोमला परतण्याची विनवणी केली, किंबहुना निर्भयपणे बजावले. १७ जानेवारी १३७७ रोजी पोपनी रोममध्ये प्रवेश केला. पुढल्याच वर्षी ख्रिस्तसभेत फूट पडली. त्या दुःखातच २९ एप्रिल १३८० रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, रोममध्ये ती निवर्तली. १४६१ मध्ये दुसऱ्या पायस या पोपनी तिला संतपद बहाल केले. १९३९ मध्ये ती संत फ्रान्सिससह इटलीची आश्रयदात्री झाली, १९७० मध्ये सहाव्या पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविले आणि १९९९ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी युरोपच्या सहआश्रयदात्रीचा मान दिला.

तिचे घर आता तीर्थस्थान आहे. ज्या क्रुसासमोर तिला ख्रिस्ताच्या जखमांचा अनुभव आला तो क्रूस तेथे आहे आणि बापाच्या रंगाच्या भट्टीच्या जागी प्रार्थनामंदिर आहे. तिचे शरीर रोमला आहे, पण मस्तक वरच्या टेकडीवरील संत डॉमिनिकच्या विटांच्या साध्या बॅसिलिकेत जतन केले आहे. त्या बॅसिलिकेच्या बाजूने पाहिले असता दरीपलीकडे कॅथेड्रल आणि ती अपुरी भिंत एका दृष्टिक्षेपात येते. नगराने आपल्या सर्व धनानिशी जे बांधायला घेतले ते राहून गेले, आणि खाली भट्टीजवळच्या खोलीत जे घडले ते सहाशे वर्षे टिकले.

येशूचे नाव

कॅथरिन गेली त्याच वर्षी, १३८० मध्ये, संत बर्नार्दिन जन्मले. १४०० सालच्या साथीत हा तरुण मित्रांना घेऊन इस्पितळात रुग्णांच्या सेवेला राहिला; पुढे तो फ्रान्सिस्कन झाला. १४२७ साली काम्पो चौकात त्यांनी पंचेचाळीस दिवस प्रवचने केली. ती आपल्यापर्यंत पोहोचली याचे श्रेय बेनेदेत्तो नावाच्या कापड कातरणाऱ्या कारागिराला आहे. तो मेणाच्या पाट्यांवर शब्दन् शब्द टिपून घेई आणि मग कागदावर उतरवी. बर्नार्दिन व्यापाऱ्यांना व्यापार सोडा असे सांगत नसत. मापात पाप करू नका, खोटी शपथ घेऊ नका, व्याजाने गरिबाचे रक्त पिऊ नका, असे सांगत. घराण्याघराण्यांच्या वैराची चिन्हे दारांवरून उतरवून त्या जागी येशूच्या नावाची तीन अक्षरे, सूर्यकिरणांच्या वलयात, लावा असा त्यांचा आग्रह होता. ते चिन्ह आजही नगरसभागृहाच्या दर्शनी भिंतीवर आहे. पुढे येशूसंघाने तेच नाव आपल्या मुद्रेवर घेतले आणि गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर आपण ते पाहतो. ते चिन्ह आपल्यापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटेवर बर्नार्दिन उभे आहेत.

फ्रान्सिस्कनांच्या अशाच प्रवचनांतून इटलीत गरिबांसाठी माफक दरात कर्ज देणाऱ्या संस्था निघाल्या. १४७२ साली सिएनाच्या नगरसभेने अशी संस्था काढली. ‘मोन्ते देई पास्की’ या नावाने ती जगातील अद्याप चालू असलेली सर्वांत जुनी बँक मानली जाते. आपल्या काळात ती मोठ्या व्यवहारांच्या मागे लागली, अडचणीत आली आणि २०१७ मध्ये इटलीच्या सरकारला भांडवल घालून ती वाचवावी लागली. गरिबांसाठी काढलेल्या पेढीचा हा प्रवास त्या भिंतीवरील लोभाच्या आकृतीची आठवण करून देतो.

पराभव, पवित्र ओस्ती आणि घोड्यांची शर्यत

दीर्घ वेढ्यानंतर १७ एप्रिल १५५५ रोजी सिएनाने सम्राटाच्या व फ्लॉरेन्सच्या सैन्यापुढे शरणागती पत्करली. स्वातंत्र्य गेले, व्यापार आटला. पण गरिबीने एक उपकार केला : जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही. म्हणून मध्ययुगाचे नगर जसेच्या तसे राहिले आणि १९९५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेत एक ठेवा आहे, त्याचे दर्शन घेतल्याविना कोणा भाविकाने परतू नये. १४ ऑगस्ट १७३० रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या पूर्वसंध्येला, चोरांनी तेथून पवित्र ओस्तींचे पात्र पळविले. तीन दिवसांनी त्या ओस्ती प्रोव्हेन्झानोच्या मरियामंदिरातील दानपेटीत सापडल्या. त्यांतील २२३ ओस्ती आज जवळजवळ तीन शतकांनंतरही न कुजता राहिल्या आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० साली त्यांच्यासमोर प्रार्थना केली.

आणि मग ‘पालियो’. २ जुलै आणि १६ ऑगस्ट या मरियेच्या दोन सणांना काम्पो चौकात घोड्यांची शर्यत होते. नगराचे सतरा महाल आहेत; त्यांना हंस, कासव, गोगलगाय, सुरवंट, लाट अशी नावे. प्रत्येकाचे स्वतःचे मंदिर, ध्वज आणि कारंजे. दर वेळी दहा महाल धावतात. शर्यतीपूर्वी घोड्याला महालाच्या मंदिरात नेतात. धर्मगुरू त्याला आशीर्वाद देऊन जिंकून परत ये असे सांगतात. खोगिराशिवाय, चौकाभोवती तीन फेऱ्या. जेमतेम दीड मिनिटाचा खेळ. बक्षीस म्हणजे मरियेचे चित्र असलेला रेशमी ध्वज, बाकी काही नाही. जिंकलेले लोक तो घेऊन थेट देवळात जातात आणि आभारगीत गातात. हंसाचा महाल कॅथरिनचा. रंगाऱ्याच्या भट्टीतील ते प्रार्थनामंदिर त्याचेच आहे. २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पालियो झाला नाही. महामारीची जाण असलेल्या नगराने ते मुकाट सोसले.

निरोप

उत्तरेकडील कामोल्लिया वेशीवर लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत. सिएना तुझ्यासाठी या वेशीहूनही मोठे हृदय उघडते, असा त्यांचा आशय. निघताना आम्ही त्या कमानीखाली उभे राहिलो. याच वेशीतून थकलेले यात्रेकरू आत आले, त्यांच्यामागून नाणी आली, नाण्यांमागून भांडणे आली आणि त्या भांडणांतच दोन संत वाढले.

आपल्या गावांतही गेल्या काही दशकांत पैसा आला आहे. जमिनींना भाव आले, दुकाने व इमारती उभ्या राहिल्या, जुन्या चर्चच्या जागी मोठे चर्च हवे असे आपल्यालाही वाटू लागले आहे. त्यात गैर काही नाही; सिएनाकरांनाही तसेच वाटले होते. फक्त एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या नगरात यात्रेकरू आज गुडघे टेकतात ते त्या उंच भिंतीखाली नव्हे, तर भट्टीजवळच्या खोलीत. आपल्या घरांतही अशी एखादी खोली आहे काय, आणि तिच्यातील मुलीचे म्हणणे ऐकायला आपल्याला सवड आहे काय, हे प्रत्येक कुटुंबाने पाहावे.